आधीच कुणीतरी आत आहे

१

यंत्राच्या खोक्यात जी माहितीपुस्तिका येते ती आमच्या घरात कुणी वाचत नाही. मी वाचते. सातवीत माझी शाळा सुटली. त्यानंतर जे काही डोक्यात शिरलं ते असंच शिरलं, शिलाई मशीनच्या पुस्तिकेतून, रेडिओच्या, मिक्सरच्या, आणि केस पांढरे झाल्यावर कॉम्प्युटरच्या. इंग्रजी मी वर्तमानपत्रावरून शिकले, शब्दकोश मांडीवर घेऊन. त्यामुळे मला कुणी ‘आजी, तुम्हाला नाही कळायचं’ म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून लोक पहिलं तेच म्हणतात.

गेल्या दिवाळीच्या आधी दत्तात्रेयांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. (मी नवऱ्याचं नाव घेते. सासूबाई होत्या तेव्हाही घेत होते.) प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात लोखंडाशी बोलत आयुष्य काढलेला हा माणूस, घरी आला की अखंड बडबड. आणि आता मागच्या खोलीत पलंगावर पडून छताकडे बघायचं, दुसरं काही नाही.

मुलगा श्रीकृष्ण कॅनडाहून आला. महिनाभर राहिला, आणि जाताना बापावर लक्ष ठेवायला एक कॅमेरा बसवून गेला. कपाटावर ठेवलेला पांढरा गोळा, पेरूएवढा. त्याला मान आहे. तिकडे टोरांटोत बसून श्रीने बटण दाबलं की इथे तो मान वळवतो. त्याला बोलायलाही येतं. श्री तिकडून ‘बाबा’ म्हणाला की तो गोळा ‘बाबा’ म्हणतो. त्यासाठी इंटरनेट घेतलं, इंटरनेटसाठी राउटर आला, आणि राउटर लावायला कंपनीचा माणूस आला.

त्याने डबी लावली, दिवे लागले, आणि मला म्हणाला की नाव ‘अ‍ॅडमिन’, पासवर्डही ‘अ‍ॅडमिन’, लक्षात ठेवायला सोपं. मी तोवर पुस्तिका वाचून बसले होते. तिच्या पहिल्याच पानावर हे दोन शब्द छापलेले होते. मी विचारलं, बदलायचा कसा? तो हसला. “रहेवा दो ने, बा.” राहू द्या ना आई, असं गुजरातीत. बदललात तर उद्या बिघाड झाल्यावर आम्ही आत कसे शिरणार, असं त्याचं म्हणणं.

म्हणजे बघा. कारखान्यातून निघालेल्या प्रत्येक डबीला तीच किल्ली, आणि ती किल्ली पुस्तिकेत छापलेली. ज्यांनी ज्यांनी ही डबी घेतली त्या सगळ्यांच्या हातात माझ्या घराचं दार. श्रीला म्हटलं, तू तरी बदल. त्याने कॅमेऱ्याचासुद्धा कारखान्याचाच ठेवला होता, वर परदेशातून दिसावं म्हणून राउटरमधून एक वाट मोकळी करून ठेवली होती.

“आई, तुझ्या घरात शिरून कोण काय नेणार आहे? बाबांच्या गोळ्या?”

“नेण्याचं कोण बोलतंय? मी येण्याचं बोलतेय.”

तो नुसता हसला. विमानाची वेळ झाली होती.

२

आमचं टेनामेंट, म्हणजे बैठं घर, आगगाडीच्या डब्यासारखं आहे. पुढे हॉल, मग बोळ, बोळाच्या बाजूला स्वयंपाकघर, आणि टोकाला मागची खोली. पुढच्या दारात उभं राहिलं की मागच्या खोलीचं दार नाकासमोर दिसतं. राउटर आणि कॉम्प्युटर हॉलमध्ये, पुढच्या दाराशेजारच्या टेबलावर. दत्तात्रेय, कॅमेरा आणि हातांची एक लाकडी खुर्ची मागच्या खोलीत.

ती खुर्ची माझी. जेवणं झाली, भांडी घासून झाली की मी तिच्यावर बसून शाळा घ्यायचे. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर मी अक्षरं काढली होती. क, ख, ग. डॉक्टरांनी सांगितलं होतं की वाचा येईल किंवा येणार नाही. असल्या उत्तराला मी उत्तर म्हणत नाही. मी स्वतःला शिकवलं, तर नवऱ्याला शिकवता येणार नाही? रोज पत्रिका धरायची, रोज म्हणायचं, “दत्तात्रेय, इकडे बघा. क.” आणि त्यांच्या तोंडून रोज ‘अं’. पुढे काही नाही. कधीकधी वाटायचं, पत्रिका फेकून द्याव्यात आणि भिंतीवर डोकं आपटावं.

कॅमेऱ्याची मान वळते तेव्हा आवाज होतो. मोठा नाही. जात्यात एकच दाणा सापडावा तसा, कर्र. संध्याकाळी, म्हणजे तिकडच्या सकाळी, श्री कामावर जाण्याआधी बापाला बघायचा तेव्हा तो आवाज यायचा. त्याची सवय झाली होती.

उत्तरायण, म्हणजे इथली पतंगांची संक्रांत, जवळ आलं होतं. गच्च्यांवर पोरं आरडाओरडा करत होती. दुपारी भांडी आवरून मी मागच्या खोलीत गेले, तर कॅमेरा पलंगाकडे बघत नव्हता. खुर्चीकडे बघत होता.

खुर्ची रिकामी होती.

मी हाताने त्याची मान पलंगाकडे केली आणि पत्रिका काढायला वळले. मागे कर्र. पुन्हा खुर्चीवर.

टोरांटोला फोन लावला. सून शर्वरीने उचलला, घशातल्या घशात म्हणाली, “आई, इथे अजून पहाटही नाही झाली. श्री झोपलाय.”

३

त्यानंतर मी जे डोकं आपटलं त्याचं वर्णन करायचं म्हणजे पुन्हा आपटावं लागेल.

कंपनीच्या मदतीच्या नंबरावर आधी गाणं, मग पुन्हा गाणं, मग एक मुलगी. हिंदीत विचारणार, नेट चालू आहे का? चालू आहे. मग तक्रार काय? मी म्हटलं, माझ्या राउटरमध्ये कुणीतरी शिरलंय आणि माझ्या घरातला कॅमेरा फिरवतंय.  मग अगदी मऊ आवाजात म्हणाली, घरात दुसरं कुणी मोठं आहे का बोलायला? सत्तरी ओलांडलेल्या बाईला हा प्रश्न. मी फोन ठेवला. आपटून.

श्री म्हणाला, धूळ गेली असेल, मोटार ढिली झाली असेल, मग आपोआप सरकते. मी म्हटलं, ढिली मोटार खाली लोंबेल, बरोबर खुर्चीवर जाऊन थांबणार नाही. पुस्तिका पुन्हा काढली. कॅमेऱ्यात आपोआप गस्त घालायची सोय असते. ती बंद होती. मी दोनदा पाहिलं.

शेजारच्या नयनाबेन ओट्यावर शेंगा सोलत होत्या. त्यांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “तमे बहु वांचो छो, नलिनीबेन.” फार वाचता. त्यांच्या मते तिन्हीसांजेला पुढचं दार उघडं आणि मागचं बंद ठेवलं की घरात जे यायचं ते चांगलंच येतं. हा नेम आपल्याकडेही आहे, आणि मीही तो पाळते, पण हवा खेळते म्हणून. मी त्यांना म्हटलं, तुमच्या लक्ष्मीला पासवर्ड लागत नसेल, बाकीच्यांना लागायला हवा.

खरं सांगायचं तर मला आमच्या क्वार्टरची ओळ आठवत होती. प्रतापनगरला राहात होतो तेव्हा ओळीतल्या सगळ्या बायकांनी एकाच फेरीवाल्याकडून कुलपं घेतली. स्वस्त मिळाली म्हणून. मग कळलं, एकाची किल्ली दुसऱ्याला लागते. कुणीही बदललं नाही. उलट सोयच झाली. कुणाचं दूध उतू गेलं, कुणाचे कपडे भिजायला लागले की शेजारीण आपल्या किल्लीने आत. दत्तात्रेयांना तर ते फार आवडायचं. पाळी सुटल्यावर ते घरी येण्याआधीच कुणी ना कुणी येऊन खुर्चीवर बसलेलं असायचं, आणि दारातूनच हे म्हणायचे, ‘या, बसा बसा.’ आलेल्याला! बसलेल्याला! मी तेव्हाही कटकट करायचे. माझं कुलूप मी बदललं होतं. ओळीत फक्त माझं. दत्तात्रेयांनी महिन्याभरात जुनं परत लावलं, म्हणाले, लोक दारातून परत जातात, बरं दिसत नाही.

४

उत्तरायण झालं. तारांवर तुटलेले पतंग लोंबत राहिले. कॅमेरा आता नुसता खुर्चीवर थांबत नव्हता. आधी तो खोलीच्या दाराकडे जायचा. मग थोडा थोडा सरकत, थांबत, पुन्हा सरकत, खुर्चीपर्यंत यायचा. चालत्या माणसावर नजर ठेवावी तसा. मी त्याच वेळी खोलीत असले तरी माझ्याकडे बघायचा नाही. मी हात हलवला. समोर उभी राहिले. माझ्या खांद्यावरून पलीकडे बघितल्यासारखा बघत राहिला.

आणि एका दुपारी, मी बोळातून पेज घेऊन येत असताना, मागच्या खोलीतून आवाज आला. पुरुषाचा. सरळ, स्वच्छ.

“बसा.”

 मी धावतच आत गेले. दत्तात्रेय छताकडे बघत नव्हते. मान वळवून खुर्चीकडे बघत होते, आणि अर्ध्या चालणाऱ्या तोंडाने हसत होते. इतक्या दिवसांच्या पत्रिका, क, ख, ग, आणि अखेर एक शब्द! मला रडू आलं, हे कबूल करते. मी म्हटलं, “पुन्हा म्हणा. बसा म्हणा.” पेजेची वाटी स्टुलावर ठेवली आणि खुर्चीवर बसायला गेले.

त्यांनी डावा हात वर केला. नको, नको. चेहरा ओशाळा झाला, पाहुण्यांसमोर बायकोने काही भलतंच केल्यासारखा.

मी उभीच राहिले. माझी खुर्ची. मी उभी.

त्या दिवसापासून ते बोलायला लागले. फार नाही. ‘हो ना.’ ‘पाणी घ्या.’ एकदा ‘बघू की.’ सगळं खुर्चीला. मी पत्रिका धरली की ‘अं’. डॉक्टरांना सांगितलं तर ते खूश झाले, म्हणाले, मेंदू जुन्या सवयीचे शब्द आधी परत देतो. असेल. मी स्वतःला तेच बजावलं. जुने शब्द, जुनी खुर्ची, भास. आजारी माणसाचा भास मला समजतो. पण यंत्राला भास होत नाही, आणि कर्र करत यंत्र बरोबर तिथेच बघत होतं.

मग ठरवलं, हे बाहेरचंच कुणीतरी आहे. एखादा रिकामटेकडा, जगात कुठेतरी बसून, पुस्तिकेतले दोन शब्द टाकून माझ्या घरात शिरलाय, आणि एका असहाय माणसाशी खेळतोय. कॅमेऱ्यातून आवाजही पाठवता येतो ना? पाठवत असेल. असल्या माणसाशी भांडता येतं. मला जरा बरं वाटलं.

५

पासवर्ड मीच बदलायचा ठरवला. कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही. भर सकाळी कॉम्प्युटरसमोर बसले, राउटरचं पान उघडलं, अ‍ॅडमिन, अ‍ॅडमिन.

पान उघडेना. पांढऱ्या चौकटीत इंग्रजी ओळ आली. मी ती सावकाश वाचली. या यंत्राचा व्यवस्थापक आधीच आत आहे, असं ती म्हणत होती. एका वेळी एकच. खाली त्याचा नंबर.

मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक छोटा नंबर देतो. बाहेरचा कुणी असला तर त्याचा नंबर वेगळाच, लांबलचक दिसतो. हा घरातला होता. माझ्या कॉम्प्युटरचा नाही, कॅमेऱ्याचा नाही. घरात तिसरं काही नव्हतंच.

बिनतारी असेल, मी म्हटलं. रस्त्यावरून कुणी पकडत असेल. त्याचं बटण डबीच्या पाठीमागे होतं, ते बंद केलं. हिरवा दिवा विझला. पान पुन्हा उघडलं. व्यवस्थापक आधीच आत आहे.

मग टेलिफोनची तार उपटली. आता जगाशी आमचा काही संबंध नव्हता. कॅनडा नाही, कंपनी नाही, तो रिकामटेकडा नाही. हॉलमध्ये घड्याळ आणि मी.

मागच्या खोलीतून कर्र.

मी उठले नाही. खरं म्हणजे उठता आलं नाही. बोळाकडे तोंड करून बसले होते. कॅमेऱ्यातून एक आवाज यायला लागला. बोलण्याचा नाही. श्री तिकडून बटण दाबतो तेव्हा आधी त्याच्या खोलीचा आवाज येतो, पंख्याचा, भांड्यांचा, तसा. कुठल्यातरी खोलीचा आवाज. मग फरशीवरून खुर्ची ओढल्याचा. मी बसल्या जागेवरून बोळातून डोकावून बघितलं. आमची खुर्ची जागची हलली नव्हती.

“या,” दत्तात्रेय म्हणाले.

६

मला भीती वाटली की राग येतो. मी राउटरचा स्विच पाडला, क्षणभर थांबले आणि परत चढवला. राउटर जागा होतो तेव्हा त्याच्यात कुणीच नसतं. पुस्तिकेत लिहिलेलं नाही, पण यंत्रं मला कळतात. पहिला दिवा लागल्याबरोबर मी नाव टाकलं, शब्द टाकला. पान उघडलं. ह्या वेळी आधीच आत होते ती मी.

राउटरचा बदलला. बिनतारीचं बटण परत चालू करून कॅमेऱ्याचा बदलला. असे शब्द घातले की श्रीच काय, ब्रह्मदेवालाही सुचणार नाहीत. श्रीला सांगितलं, कॅमेरा बिघडलाय. फोनची तार परत लावली आणि त्या तिन्हीसांजेला पुढचं दारही उघडलं नाही. नयनाबेनने जाळीतून विचारलं, “केम, बंद?” म्हटलं, आज पाहुण्यांना सुट्टी आहे.

मी कुलूप लावलं, पण कोण कुठल्या बाजूला आहे ते आधी बघितलं नाही.

कॅमेरा थांबला नाही. आधी तो कसा, दुपारी दाराकडून खुर्चीकडे यायचा आणि संध्याकाळी खुर्चीकडून दाराकडे जायचा. आता तो जात होता, दारापाशी थांबत होता, आणि परत फिरत होता. खुर्ची, दार, खुर्ची. दार, पलंग, दार. पिंजऱ्यापुढे उभं राहून जनावराच्या येरझाऱ्या बघाव्यात तसा. दिवसभर कर्र, कर्र. मी पोळ्या लाटत असताना कर्र. मी राउटरचं पान उघडून बघितलं. माझ्या शब्दांनी ते उघडत होतं, आत माझ्याशिवाय कुणीही नव्हतं. सगळं बरोबर होतं. चीड आली ती याचीच.

मी कॅमेऱ्याची वीज काढली. आवाज बंद झाला. पण मग दत्तात्रेयांची मान वळायला लागली. खुर्ची, दार, खुर्ची. डोळ्यांखाली काळं आलं. पेज तोंडातून बाहेर येऊ लागली. त्यांना काहीतरी दिसत होतं आणि मला नुसती त्यांची मान दिसत होती. ते मला बघवेना. मी कॅमेरा परत लावला. निदान ते काम यंत्राने करावं.

डॉक्टर आले, सुई दिली, म्हणाले, दवाखान्यात हलवावं लागेल, हे फार दिवस चालणार नाही. श्रीला कळवलं. तो म्हणाला, तिकीट बघतो. तिकीट बघतो म्हणजे किती दिवस, ते मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी मी त्यांचं तोंड पुसत होते. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले.

“दार उघड, नलू.”

एवढ्या मेहनतीचं फळ, एक वाक्य, आणि ते असं.

७

डबीच्या पाठीला बारीक भोक असतं. त्यात पिन खुपसून धरली की यंत्र सगळं विसरतं आणि कारखान्यातून निघालं तसं होतं. मी साडीच्या खांद्याची पिन काढली. सूर्य मावळत होता. कॅमेऱ्याचा शब्द मी माझाच ठेवला. डोळा माझा राहू दे, दार तेवढं उघडते, असा हिशेब केला. पिन खुपसली. दिवे एकेक करून गेले आणि एकेक करून आले. पुढचं दार उघडलं, जाळीचंही उघडलं, मागचं लावलेलं होतंच. कॉम्प्युटरवर कॅमेऱ्याचं चित्र लावलं आणि दाराशी उभी राहिले.

कर्र. चित्रात खुर्ची होती, ती बाजूला सरकली आणि खोलीचं दार आलं. आवाज छोटा होता, सरळ होता. थांबला. जाळीचं दार हललं. वारा असेलही.

मी श्वास सोडला. गेलं, म्हटलं. जे काही होतं ते गेलं. आता तार तोडून ही डबी मी कचऱ्यात टाकणार होते.

कर्र.

चित्र पलंगाकडे गेलं. दत्तात्रेय पडलेले होते, पांघरूण छातीपर्यंत, डोळे मिटलेले. क्षणभर ते तसंच राहिलं. मग चित्र पलंगावरून निघालं. दाराकडे. हळू. थोडं सरकायचं, मग थोडं ओढल्यासारखं, मग थांबायचं. ती चाल मला माहीत होती. लकव्यानंतर महिनाभर, ते अंथरुणाला पुरते खिळेपर्यंत, त्यांना भिंतीला धरून चालवायला मीच होते. डावा पाय टाकायचा, उजवा ओढायचा, दम खायचा.

मी चौकटीला दोन्ही हात लावले आणि दार अडवून उभी राहिले.

चित्र खोलीच्या दारापर्यंत आलं आणि बोळ दिसू लागला. बोळाच्या टोकाला उघडं पुढचं दार, आणि त्यात हात पसरून उभी असलेली एक म्हातारी, बाहुलीएवढी. मी. आणि कॅमेरा आणि मी यांच्या मधे, बोळात, एक पाठ होती. तपकिरी अर्ध्या स्वेटरातली पाठ, एक हात भिंतीला लावलेला. चित्र धूसर होतं. पण तो स्वेटर माझ्या हातचा आहे, मी तो कुठेही ओळखीन.

मी चित्रावरून नजर काढली आणि बोळात बघितलं. रिकामा होता.

पुन्हा चित्रात बघितलं. पाठ होती. थोडी पुढे आली होती.

काय बोलावं? मला देवाचं काही येत नाही, मी कधी शिकले नाही. रिकाम्या बोळाला मी म्हटलं, “दत्तात्रेय, चहा व्हायचाय अजून.”  पाठ हलली नाही. बाहेर नयनाबेनच्या घरी कुकरची शिट्टी झाली. हात भरून आले होते, खांद्यातून कळ येत होती. मी खाली घेतले नाहीत.

“चहा न घेता जाऊ नये,” मी म्हटलं. “बसा.”

किती वेळ गेला ते माहीत नाही. मग कर्र, उलट दिशेने. थोडं सरकत, ओढत, दम खात. पलंगापर्यंत.

मी चहा केला. कप घेऊन मागच्या खोलीत गेले. दत्तात्रेयांचे डोळे उघडे होते, श्वास चालू होता, पांघरूण होतं तसंच होतं. त्यांच्या पायांचे तळवे मी बघितले नाहीत. मी सगळं तपासून बघणारी बाई आहे. ते मी मुद्दाम बघितले नाहीत.

८

राउटर सगळं विसरल्यामुळे नेट बंद पडलं होतं. कंपनीचा माणूस परत आला, ते चालू केलं आणि जाताना बजावलं, नाव अ‍ॅडमिन, पासवर्ड अ‍ॅडमिन, बदलू नका. मी मान डोलावली. त्याने माझ्याकडे जरा आश्चर्याने बघितलं.

दत्तात्रेय आता पेज घेतात. दुपारी कर्र होतं, ते ‘बसा’ म्हणतात. ती खुर्ची मात्र मी खोलीतून काढली आहे. बसायचं असेल त्याने जमिनीवर बसावं. संध्याकाळी तीच खुर्ची मी पुढच्या दारात आडवी टाकते, कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवते आणि बसते. पाहुणा जाईपर्यंत दार उघडं ठेवावं लागतं. त्याच्या मागोमाग दुसरी चाल सुरू होते, आणि मला चहाचं बोलावं लागतं. कधी लगेच ऐकतात. कधी पाठ पार हॉलच्या उंबऱ्यापर्यंत येते. परवा इतकी जवळ होती की चित्रात माझा चेहरा तिच्या आड गेला. माझे गुडघे आता साथ देत नाहीत. नयनाबेनला वाटतं मी अखेर नेम पाळायला लागले. त्या ओट्यावरून हात जोडतात.

काल श्रीचा फोन आला. आवाजात घाई होती. तिकडच्या वर्तमानपत्रात आलंय म्हणे, जगभर हजारो घरांतले राउटर आणि कॅमेरे कारखान्याच्या पासवर्डवर उघडे पडलेत, कुणीही आत शिरतंय.

“आई, तू म्हणत होतीस तेच बरोबर होतं,” तो म्हणाला. “आजच्या आज बदल. कसा बदलायचा ते मी सांगतो.”

हे वाक्य ऐकायला मी किती भांडले होते. आता मिळालं.

“नको,” मी म्हटलं. “आहे तसा राहू दे.”

“अगं, पण कुणीही येईल घरात.”

बाहेर उन्हं उतरली होती. मागच्या खोलीत कर्र झालं.

“ठेवते श्री,” मी म्हटलं. “मला दारात बसायचंय.”